कोणत्या राज्याचा हुकूमनामा?

अमेरिकेत विवाह आणि घटस्फोट हे विषय संघराज्याकडे नसून घटक राज्यांकडे असल्यामुळे ‘अमेरिकेचा घटस्फोट’ या शब्दांना कायद्याच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या पतीने मिळवलेला हुकूमनामा अक्कलकोटला माहेरी राहणाऱ्या पत्नीच्या हाती पडतो, तेव्हा तिच्या वकिलाने पहिला प्रश्न राज्याचा विचारावा. तो न विचारता तयार केलेली कैफियत पायाशीच कच्ची राहते.

या परिसराला अशी भिन्नता अपरिचित नाही. मुंबई प्रांताने १९४७ च्या २२ व्या अधिनियमाने हिंदू पतिपत्नींना घटस्फोटाचा हक्क दिला व सलग चार वर्षांचा परित्याग हे त्याचे एक कारण ठरवले. सोलापूर आणि विजापूर हे जिल्हे त्या कायद्याखाली आले, परंतु त्यांना लागून असलेले भोसले घराण्याचे अक्कलकोट संस्थान मुंबई विधिमंडळाच्या कक्षेबाहेर होते आणि पूर्वेकडचा गुलबर्गा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे काही कोसांच्या अंतरात विवाहाचे कायदेशीर भवितव्य बदलत होते. बडोदा संस्थानाने तर १९३१ मध्येच स्वतःचा घटस्फोट कायदा केला होता. ८ मार्च १९४८ रोजी अक्कलकोट मुंबई प्रांतात विलीन झाले, १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह अधिनियम अमलात आला, तरीही कलम २९(२) ने रूढीप्राप्त काडीमोड राखून ठेवली आणि गोव्यात पोर्तुगीज काळातील १९१० चा घटस्फोट कायदा पुढेही टिकून राहिला.

अमेरिकी राज्यांतील पहिला मोठा फरक वास्तव्याच्या अटीचा आहे. नेवाडात सहा आठवड्यांचे वास्तव्य पुरते. कॅलिफोर्नियात राज्यात सहा महिने व कौंटीत, म्हणजे तेथील जिल्हासदृश घटकात, तीन महिने राहावे लागते. न्यू जर्सीत सर्वसाधारणपणे एक वर्ष लागते. दुसरा फरक कारणांचा. कॅलिफोर्नियाने १९७० पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता केवळ न मिटणाऱ्या मतभेदांवर घटस्फोट देण्यास आरंभ केला, तर न्यूयॉर्कने हा मार्ग थेट २०१० मध्ये स्वीकारला. मालमत्तेबाबत कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन अशी नऊ राज्ये विवाहकाळातील कमाई तत्त्वतः दोघांच्या सामाईक मालकीची मानतात. इतर बहुतेक राज्यांत न्यायालय परिस्थिती पाहून न्याय्य वाटप करते, आणि ते निम्मे-निम्मेच असेल असे नाही.

भारतीय न्यायालयांनी ही तफावत फार पूर्वीच हेरली. नेवाडातील एका हुकूमनाम्यामागचे वास्तव्य खरे नव्हते, ते केवळ अधिकारक्षेत्र मिळवण्यासाठी दाखवले होते, असे आढळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने न्या. यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्राने १९७४ मध्ये त्यास मान्यता नाकारली. पुढे १९९१ मध्ये मिसूरीच्या हुकूमनाम्यासंबंधी न्या. पी. बी. सावंत यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ चा अर्थ लावताना (१९९१, खंड ३, एससीसी ४५१) जी कसोटी घालून दिली ती आजही मार्गदर्शक आहे: ज्या कायद्याखाली विवाह झाला त्यानुसार परदेशी न्यायालयाला अधिकार असावा आणि घटस्फोटाचे कारणही त्याच कायद्यातले असावे. या नियमाला तीन अपवाद आहेत. प्रतिपक्षाचे कायमचे वास्तव्य तेथेच असेल, किंवा त्याने स्वेच्छेने व परिणामकारकपणे हजर होऊन दावा लढवला असेल, तर अधिकाराची अडचण दूर होते, मात्र कारण भारतीय कायद्यातलेच लागते. प्रतिपक्षाने घटस्फोटास संमती दिली असेल, तर अधिकाराची उणीव आड येत नाही. न मिटणारे मतभेद हे हिंदू विवाह अधिनियमातील कारण नसल्यामुळे पत्नीने न लढवलेला, केवळ तेवढ्यावर आधारलेला कॅलिफोर्नियाचा एकतर्फी हुकूमनामा येथे टिकत नाही. २०२३ मध्ये घटनापीठाने विवाह पूर्णपणे मोडल्याच्या कारणावर अनुच्छेद १४२ खाली घटस्फोट देता येतो असे म्हटले, पण तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे.

घाबरून तेथील न्यायालयात जबाब पाठवणाऱ्या पक्षकाराला वकिलाने वेळीच सावध केले पाहिजे, कारण केवळ अधिकारक्षेत्राला हरकत घेणे आणि मूळ वादावर जबाब देणे यांतील फरकात त्या महिलेचा सारा बचाव गुंतलेला असतो. २००३ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ मध्ये आलेल्या तरतुदीमुळे पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो, हेही तिला आरंभीच सांगावे. हुकूमनाम्यात अक्कलकोटच्या शेतीचा किंवा घराचा उल्लेख असला तरी येथील स्थावर मिळकतीच्या मालकीचा निर्णय परदेशी न्यायालय देऊ शकत नाही.

विधी आयोगाने १९७६ मधील ६५ व्या अहवालात परदेशी घटस्फोटांच्या मान्यतेसाठी स्वतंत्र कायदा सुचवला होता, तो अद्याप झालेला नाही आणि त्या उणिवेचा भार माहेरी परतलेल्या स्त्रिया वाहत आहेत. तोवर प्रतिपक्षाने दाखल केलेल्या हुकूमनाम्याची प्रत तपासण्यापासूनच काम सुरू करावे. १९९१ च्या त्याच निकालाने साधी छायाप्रत पुरावा म्हणून नाकारली आणि कायद्यानुसार प्रमाणित प्रतीचा आग्रह धरला होता.