टेकडीला वाट हवीच का?

गेल्या दिवाळीनंतर आम्ही तेवीस जण दोडामार्ग तालुक्यातील एका टेकडीवर गेलो. टेकडी नाव घेण्याजोगी नाही. खालून पाहता अर्ध्या तासाचे काम. आम्हाला तीन तास लागले, कारण वर जाणारी वाटच नव्हती आणि पायथ्याशी दलदलीचे रान होते. परत आल्यावर आमच्या भ्रमण मंडळात ठराव आला की, पुढील वर्षीच्या मुलांसाठी तेथे झुडपे तोडून वाट करावी व झाडांवर रंगाने बाण काढावेत. ठराव मंजूर झाला. विरोधात हात वर करणारे आम्ही दोघेच. त्या हाताचा खुलासा करणे मला भाग आहे.

त्या रानात रानटी जायफळाची झाडे चिखलात उभी आहेत. पाणथळ मातीत हवा नसते, म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात व तेथून श्वास घेतात. आम्हाला मात्र त्या आयत्या पायऱ्याच वाटल्या! मीही त्यांवर बूट रोवत निघालो. "मुळार पाय देव नको रे!" असे वाट दाखवणारे आबा ओरडले, तोवर एक मूळ माझ्या पायाखाली कडकन मोडले होते. आबा स्वतः चपला काठावर काढून पोटरीभर चिखलातून चालत होते. आम्ही बूट वाचवत होतो. (जळवांविषयी लिहीत नाही. मिठाची पुडी ज्याच्याकडे होती, त्याला त्या दिवशी प्राध्यापकांहून अधिक मान होता.)

असे रान महाराष्ट्रात फार थोडे उरले आहे. याच तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील जायफळीची राई शासनाने २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. ती जेमतेम अडीच हेक्टरांची. शासनाला सुचण्यापूर्वीच गावाने ती देवाची म्हणून राखली होती.

आमचे चिटणीस म्हणतात, "वाट एकच असली तर तेवीस जण तेवीस ठिकाणी मुळे तुडवणार नाहीत." मुद्दा खोटा नाही. रायगडाच्या पायऱ्यांना मीही नावे ठेवणार नाही. पण तो कातळ आहे. चिखलातली वाट खचते, मग लोक तिच्या कडेने चालतात, आणि ती रुंदच होत जाते. शिवाय बाण काढले की तेविसांचे दोनशे व्हायला कितीसा वेळ? त्यापेक्षा पाचांनीच जावे, आबांच्या मागून, दलदलीला वळसा घालून. दिवस मोडेल. मोडू दे.

आणि वर जाऊन दिसते काय? काही नाही. माथ्यावरही झाडेच. कित्येकांचा हिरमोड झाला. फोटो काढायला मोकळी जागा सापडेना. मला तेथे अर्धा तास बसावेसे वाटले, पण उतरण्याची घाई होती.

ठरावाचा फेरविचार व्हावा, असा अर्ज मी मंडळाकडे दिला आहे. त्यावर दुसरी सही मिठाच्या पुडीवाल्याची आहे.