"वीस वर्षं हेच करतोय, काय झालंय मला?"

मंडळी, शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. खरं शिसं आपल्या विश्रांतवाडीत कुठं आहे ते सांगतो. राग आला तरी चालेल.

परवा आळंदी रोडच्या आतल्या गल्लीत एका बॅटरीच्या दुकानापुढे थांबलो. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा जुनी बॅटरी फोडून प्लेटा काढत होता. हातमोजे नाहीत, मास्क नाही. मध्येच त्याच हातांनी वडापाव खाल्ला. मालकाला म्हटलं, "अहो, विष आहे ते." तर म्हणाला, "साहेब, वीस वर्षं हेच करतोय, काय झालंय मला?"

इथंच सगळे फसतात. शिसं त्या दिवशी काही करत नाही. पुढे पोट दुखतं, अशक्तपणा येतो, बीपी वाढतं. आपण ॲसिडिटीची गोळी घेतो. ते हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. कपड्यांवरची धूळ घरी जाते आणि लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषतं. त्याच्या मेंदूचं नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते, सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच.

कायदे आहेत हो! १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवायच्या आजारांच्या यादीत पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. पण दोन माणसांचं दुकान 'कारखाना' ठरतच नाही. २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. पण ती मर्यादा औद्योगिक रंगांना नाही, आणि गॅरेजमध्ये जुना रंग घासणाऱ्याला हे कोण सांगणार?

हौशी मंडळींनो, तुम्हीही ऐका. घरी सोल्डरिंग करता, गळासाठी शिशाची वजनं ओतता, ते स्वयंपाकघरात नको आणि पोरांसमोर तर नकोच. नंतर साबणाने हात धुवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

महापालिकेकडे मागणी साधी आहे: अशा दुकानांतल्या कामगारांची आणि त्यांच्या मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी मोफत करा. फ्लेक्सवर खर्च करणाऱ्या नेत्यांनी एक शिबिर यासाठी घ्यावं.

आणि आपण? २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी अधिकृत ठिकाणीच द्यायची असते. चार पैसे जास्त मिळतात म्हणून आपण ती गल्लीत विकतो. तो पोरगा फोडत होता ती बॅटरी तुमच्या-माझ्याच गाडीची होती.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी हात धुऊन या.