होतकरू गड्यास राखीव जागा द्यावी काय?

अमेरिकन फुटबॉलच्या खेळांत क्वार्टरबॅक म्हणून जो एक मुख्य गडी असतो, तो जायबंदी झाल्यास त्याच्या जागीं उतरण्यासाठीं प्रत्येक संघ आणखी एक गडी तयार ठेवितो. ही दुसरी जागा त्याच वर्षीं महाविद्यालयांतून आलेल्या एखाद्या होतकरू तरुणास द्यावी, कीं बरींच वर्षें खेळलेल्या एखाद्या जुन्या माणसास द्यावी, याविषयीं त्या देशांत दर वर्षीं ऑगस्ट महिन्यांत मोठा वाद माजतो. आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी हल्लीं हे सामने आवडीनें पाहतात व त्यांच्यांतही हा वाद चालतो, असें आमच्या कानीं आलें आहे. त्यांचा कौल अर्थातच तरुणाच्या बाजूचा असतो. आमचाही कल त्याच बाजूस आहे. मात्र आम्ही एक अट घालूं इच्छितों, आणि ती अट तरुणास नसून त्यास नेमणाऱ्या संघास आहे.

ज्या पालकांनीं हा खेळ पाहिला नसेल, त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. नांव फुटबॉल असलें तरी यांत चेंडू बहुधा हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेंकावयाचा असतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें, तर चेंडू आपल्याकडे राहतो. न सरकल्यास तो प्रतिपक्षाकडे जातो. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नांत चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हातीं येतो, आणि तो कोणास द्यावा, कोठें फेंकावा, कीं जवळच ठेवावा, याचा निर्णय त्यास दोन-तीन सेकंदांत करावा लागतो. बहुतेक वेळां दोन प्रयत्नांच्या मध्यें चाळीस सेकंदांचा अवधि असतो. त्या अवधींत शिक्षक त्याच्या शिरस्त्राणांतील यंत्रांतून त्याच्या कानांत बोलूं शकतो. परंतु पंधरा सेकंद उरले कीं तो आवाज बंद होतो. मग पुढचें सारें त्या एकट्याच्या बुद्धीवर. म्हणून या राखीव गड्याची तुलना आपल्या क्रिकेटमधील बाराव्या गड्याशीं कोणी करूं नये. बाराव्यानें येऊन क्षेत्ररक्षण केलें म्हणजे झालें, त्याच्या हातीं कोणी बॅट देत नाहीं. येथें मात्र दुसरा गडी मैदानांत आला कीं सर्व संघाचें सुकाणू त्याच्या हातीं जातें.

आतां या राखीव गड्याची तयारी कशी होते, हें पाहिलें पाहिजे. कारण आमच्या मतें वादाचें सर्व मर्म तेथेंच आहे. सामना सामान्यतः आठवड्यांतून एकदांच होतो, व मधल्या दिवसांत सराव चालतो. हा सरावाचा वेळ मोजका असल्यामुळें निवडलेल्या अकरा गड्यांबरोबर खेळण्याची संधि जवळजवळ सर्व पहिल्या क्वार्टरबॅकलाच मिळते. दुसरा बाजूस उभा राहून पाहतो, किंवा पुढच्या प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करून आपल्याच संघाच्या बचावाला तालीम देतो. स्वतःच्या संघाची चाल त्याच्या हातून क्वचितच घडते. मग त्याच्या गुणांची पारख होते ती कोठें? ती होते ऑगस्टच्या नमुन्याच्या सामन्यांत, जेथें समोरचा संघही आपले नामांकित गडी बसवून ठेवितो व आपले खरे डावपेच झांकून ठेवितो. अशा सामन्यांत जो चमकला तो होतकरू खरा. पण तेवढ्यावरून तो तयार आहे असें म्हणणें म्हणजे सहामाहीच्या गुणांवर शालान्त परीक्षेचें प्रमाणपत्र देण्यासारखें आहे.

ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहराचा ब्राउन्स संघ या बाबतींत आम्हांस फार बोधप्रद वाटतो. त्या संघानें २०२३ सालीं डोरियन थॉम्पसन-रॉबिन्सन नांवाचा तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडींत पांचव्या फेरींत घेतला. ऑगस्टांत तो छान खेळला. इतका कीं, जोशुआ डॉब्स या अनुभवी राखीव गड्यास संघचालकांनीं २४ ऑगस्ट रोजीं ॲरिझोनाच्या संघास देऊन टाकिलें, व दुसरी जागा या नवशिक्याकडे आली. १ ऑक्टोबर रोजीं मुख्य क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन यास खांद्याच्या दुखण्यामुळें ऐन सामन्याच्या दिवशीं बसावें लागलें. समोर बॉल्टिमोरचा रेव्हन्स संघ. त्या मोसमांत सर्वांत कमी गुण देणारा संघ तोच. तरुणाच्या तीन फेंकी प्रतिपक्षाच्या हातीं पडल्या, आणि क्लीव्हलंड ३ विरुद्ध २८ अशा गुणांनीं हरलें. नोव्हेंबरांत वॉटसन उरलेल्या सर्व मोसमास मुकला, तेव्हां हाच मुलगा पुन्हां उभा करण्यांत आला. पण या वेळीं त्यास आपण खेळणार हें आठवड्याच्या मध्यावरच कळलें होतें, व त्याप्रमाणें सरावही मिळाला होता. १९ नोव्हेंबरच्या त्या सामन्यांत पिट्सबर्गवर १३-१० असा विजय मिळाला. मुलगा तोच होता. दीड महिन्यांत त्याची बुद्धि दुप्पट झाली असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि घालवून दिलेल्या डॉब्सचें काय झालें, हेंही ऐकण्यासारखें आहे. (हे गृहस्थ टेनेसी विद्यापीठांतून विमानांच्या व अंतराळयानांच्या यंत्रशास्त्राची पदवी घेतलेले आहेत, खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास होत नाहीं म्हणणाऱ्या पालकांसाठीं मुद्दाम लिहितों.) ॲरिझोनानेंही त्यांस ३१ ऑक्टोबर रोजीं मिनेसोटाच्या संघाकडे धाडिलें. तेथला मुख्य क्वार्टरबॅक नुकताच जायबंदी झालेला, व जागेवर जॅरेन हॉल हा एक नवशिका. ५ नोव्हेंबर रोजीं अटलांटाविरुद्धच्या सामन्यांत पहिल्याच सत्रांत हॉलच्या डोक्यास मार लागला, आणि डॉब्स मैदानांत उतरले. त्यांस येऊन अवघे पांच दिवस झाले होते. सोबत्यांपैकीं कित्येकांचीं नांवेंही त्यांस ठाऊक नव्हतीं. तरी शिक्षकाच्या कानांतील सूचनांवर भिस्त ठेवून त्यांनीं शेवटच्या मिनिटांत सामना ३१-२८ असा जिंकला.

कोणी म्हणेल, मग सरावाचें महत्त्व तें काय राहिलें? आम्ही उलट म्हणतों. डॉब्स यांचें तें सातवें वर्ष होतें. अनेक संघांच्या पद्धति त्यांनीं पाहिल्या होत्या, अनेकदां बाजूस बसून डोळ्यांनीं शिकले होते. त्यांच्यापाशीं गांठोडें होतें, तें त्यांनीं त्या दिवशीं सोडलें. नवशिक्यापाशीं असें गांठोडें नसतें. ज्याची शिदोरी रिकामी त्यास वाटेंत वाढलें पाहिजे. आणि नेमकें त्यासच उपाशी ठेवण्याची रीत या खेळांत पडली आहे.

क्लीव्हलंडनें हें ओळखलें असेल असें वाचकांस वाटेल, पण नाहीं. २०२५ सालीं त्यांनीं दोन नवे क्वार्टरबॅक निवडले: तिसऱ्या फेरींत डिलन गॅब्रिएल व पांचव्या फेरींत शेड्यूर सँडर्स. चाळीस वर्षांचे जो फ्लॅको हे जुनेजाणते गृहस्थ प्रथम मुख्य जागीं होते. त्यांस ऑक्टोबरच्या आरंभीं बाजूस सारून लगेच ७ तारखेस सिनसिनाटीच्या संघाकडे पाठविण्यांत आलें. म्हणजे पहिला गडी नवशिका आणि त्याचा आधार म्हणून ठेविलेला दुसराही नवशिकाच. १६ नोव्हेंबर रोजीं गॅब्रिएल डोक्याच्या दुखापतीमुळें बाहेर गेला, तेव्हां क्लीव्हलंड सहा गुणांनीं पुढें होतें. सँडर्स उत्तरार्धांत आला. मुख्य गड्यांबरोबर सराव त्यास मिळालाच नव्हता. त्यानें सोळा फेंकी केल्या, त्यांतील चार साधल्या, एक शत्रूच्या हातीं गेली, आणि सामना १६-२३ असा हातचा गेला. पुढच्या आठवड्यांत त्यास पूर्ण सराव मिळाला. २३ तारखेस लास व्हेगास येथें त्याच्या वीस फेंकींपैकीं अकरा साधल्या व संघ २४-१० असा जिंकला. त्या विजयाचें पुष्कळसें श्रेय बचावाकडील गड्यांस आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि चार आणि अकरा यांमधील अंतर त्या बचावानें भरून काढलेलें नाहीं.

टेक्सासमधील डॅलस संघाचें २०१६ सालचें उदाहरण याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवितें. त्या संघाचा राखीव गडी केलन मूर सरावांतच पाय मोडून बसला. चौथ्या फेरींत, एकशें पस्तिसाव्या क्रमांकावर निवडलेला डॅक प्रेस्कॉट त्यामुळें दुसऱ्या जागीं आला. मग २५ ऑगस्ट रोजीं मुख्य गडी टोनी रोमो यांच्या पाठीस दुखापत झाली. मोसमाचा पहिला सामना ११ सप्टेंबरला. म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक काळ मुख्य गड्यांबरोबरचा सर्व सराव प्रेस्कॉटला मिळाला. पहिला सामना एका गुणानें हरला, पुढचे ओळीनें अकरा जिंकले. रोमो बरे झाले तरी जागा तरुणाकडेच राहिली, आणि नोव्हेंबरांत त्या वडील गड्यानें उघडपणें सांगितलें कीं, ती यानें कमावली आहे. असें बोलावयास मन मोठें लागतें.

आमच्याविरुद्ध पुरावा नाहीं असें नाहीं. २०२२ च्या निवडींत अगदीं शेवटचा, म्हणजे दोनशें बासष्टावा, निवडला गेलेला ब्रॉक पर्डी ४ डिसेंबर रोजीं सॅन फ्रान्सिस्कोसाठीं सामन्याच्या मध्येंच उतरला आणि तो सामना त्यानें जिंकून दिला. पण त्यासही आरंभीं तिसरी जागा होती. ट्रे लान्स सप्टेंबरांत जायबंदी झाल्यावर तो दुसरा झाला, व पुढें अडीच महिने जिमी गॅरोपोलो या अनुभवी गड्याच्या मागें राहून शिकला. उलट बफेलोनें २०१७ सालीं नेथन पीटरमन या नवशिक्यास आठवड्याच्या मध्यावरच कळवून उभें केलें, तरी पूर्वार्धांतच त्याच्या पांच फेंकी शत्रूनें पकडल्या. सराव दिला म्हणजे यश येतेंच, असा आमचा दावा नाहीं. आणि म्हाताऱ्यांचा भरंवसा तरी कोणी द्यावा? इंडियानापोलिसनें २०११ सालीं केरी कॉलिन्स यांस निवृत्तींतून परत आणलें. ते तीन सामने खेळले व तिन्ही हरले.

तरीही ज्या मुलाचें नांव एका दुपारीं लाखों लोकांपुढें उतरतें, त्याच्या बाजूनें कोणी तरी बोललें पाहिजे. वर्तमानपत्रें लिहितात, तो तयार नव्हता. पण त्यास तयार करणें हें कोणाचें काम होतें, हें विचारणारे थोडे. थॉम्पसन-रॉबिन्सनला २०२५ च्या मार्चांत क्लीव्हलंडनें फिलाडेल्फियाच्या संघास देऊन टाकिलें. नवशिक्याचें वेतन जुन्या गड्यांपेक्षां बहुधा कमी असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याच्यावरील विश्वासांत काटकसर किती मिसळली आहे, अशी शंका आल्यावांचून राहत नाहीं. ज्या संघास होतकरू तरुण दुसऱ्या जागीं हवा असेल, त्यानें प्रत्येक आठवड्यांत मुख्य गड्यांबरोबरच्या सरावाचा ठरीव वांटा त्यास द्यावा, त्यास जमतील अशा मोजक्या चाली आधींच निवडून ठेवाव्या, आणि एखादा वडील गडी तिसऱ्या जागीं त्याच्याजवळ बसवावा. यांतील शेवटच्या गोष्टीस जागेची अडचण सांगण्यांत येते. परंतु जानेवारी २०२३ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक एकाच सामन्यांत जायबंदी झाल्यानंतर लीगनें त्याच वर्षीं नियम केला कीं, अडचणीच्या प्रसंगासाठीं तिसरा क्वार्टरबॅक सामन्याच्या नेहमींच्या संख्येबाहेर ठेवतां येईल. ती सबब आतां उरली नाहीं.