फूटीचा जन्मदाखला कोणाच्या नावे? एका खेळाच्या उगमाचा वाद आणि पुराव्याची मोजपट्टी

१/ मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, अर्थात एमसीजी. हे नाव उच्चारले की आपल्याला बॉक्सिंग डे कसोटी आणि डिसेंबरातील पहाटेचा गजर आठवतो. मेलबर्नकरांसाठी मात्र हिवाळ्यात हे मैदान एका वेगळ्याच खेळाचे असते : ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, बोलीभाषेत ‘फूटी’. लंबवर्तुळाकार मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूस १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि नेम थोडक्यात हुकला तरी पदरी एक गुण! आजचा थ्रेड या खेळाच्या इतिहासातील काही कुतूहलजनक प्रश्नांवर आहे. त्यांतील एका प्रश्नावर माझे स्पष्ट मतही मांडणार आहे.

२/ पहिला प्रश्न : हा खेळ सुरू कशासाठी झाला? उत्तर गमतीचे आहे. क्रिकेटसाठी! १० जुलै १८५८ रोजी ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या नियतकालिकात टॉम विल्स (१८३५–१८८०) या नामवंत क्रिकेटपटूचे पत्र प्रसिद्ध झाले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडते, म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा आणि नियम ठरविण्यासाठी एक समिती नेमावी, अशी त्याची सूचना होती. ते जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा, असेही त्याने सुचविले होते.

३/ त्याच वर्षी ७ ऑगस्टला स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांमध्ये सामना सुरू झाला. ‘सुरू झाला’ म्हणण्याचे कारण असे की तो पुढे २१ ऑगस्ट आणि ४ सप्टेंबरलाही खेळला गेला आणि प्रत्येकी एक गोल होऊन अनिर्णित राहिला. पंच दोन होते : टॉम विल्स आणि जॉन मॅकाडम. हे मॅकाडम रसायनशास्त्रज्ञ होते. आज सुक्या मेव्याच्या दुकानात महागड्या भावाने मिळणारा मॅकाडेमिया त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

४/ पुढची तारीख महत्त्वाची : १७ मे १८५९. विल्स, विल्यम हॅमर्स्ली, जे. बी. थॉम्प्सन, टॉमस स्मिथ ही मंडळी ईस्ट मेलबर्नमधील परेड हॉटेलात बसली आणि मेलबर्न फुटबॉल क्लबचे दहा नियम लिहून काढले. विल्स इंग्लंडच्या रग्बी शाळेत शिकलेला, हॅमर्स्ली व थॉम्प्सन केंब्रिजचे, तर स्मिथ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा. विल्सला रग्बी शाळेचे नियम हवे होते, इतरांना ते क्लिष्ट वाटले. शेवटी सोपे नियम ठरले. ऑफसाइडचा उल्लेखच नाही. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्यास मनाई. चेंडू झेलून ‘मार्क’ पुकारणाऱ्यास फ्री किक.

५/ मग हा जगातील सर्वांत जुना फुटबॉल का? इथे शब्द तोलून वापरले पाहिजेत. लंडनची फुटबॉल असोसिएशन १८६३ ची आणि रग्बी फुटबॉल युनियन १८७१ ची, म्हणजे मेलबर्नचे नियम या दोहोंच्या आधीचे, हे खरे. परंतु रग्बी शाळेचे लेखी नियम १८४५ चे आहेत आणि शेफील्ड क्लबचे १८५८ चे. म्हणून ‘आजही खेळल्या जाणाऱ्या प्रमुख फुटबॉल प्रकारांपैकी ज्यांचे नियम सर्वांत आधी लेखी झाले त्यांतील एक’ असे म्हणणे रास्त ठरेल. वाक्य लांबते आणि घोषणेसाठी उपयोगी पडत नाही, पण ते टिकते.

६/ दुसरा प्रश्न : एवढ्या दूरच्या वसाहतीत हे इतक्या लवकर कसे घडले? १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोने सापडले आणि मेलबर्नकडे माणसांचा व पैशांचा लोंढा लागला. १८५६ मध्ये तेथील पाथरवटांनी आठ तासांचा कामाचा दिवस मिळविला. तरुण लोकसंख्या, हाती चार पैसे आणि हळूहळू मोकळी होत गेलेली शनिवारची दुपार असा योग जुळून आला. खेळाच्या इतिहासात चेंडूइतकेच कामाच्या तासांनाही महत्त्व असते, हे आपण फार वेळा विसरतो.

७/ तिसरा प्रश्न : हुकल्याबद्दल गुण का? मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथाडला तर गोल. त्यांच्या बाजूच्या ठेंगण्या खांबांच्या पट्ट्यातून गेला तर ‘बिहाइंड’. पूर्वी बिहाइंडची नोंद होई, पण निकाल केवळ गोलांवर ठरे. १८९७ मध्ये, आठ क्लबांनी स्थापन केलेल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या पहिल्याच हंगामात, गोलला सहा आणि बिहाइंडला एक गुण देण्याची पद्धत आली. हीच लीग १९९० पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, या नावाने ओळखली जाते.

८/ चौथा प्रश्न आयर्लंडचा. गेलिक फुटबॉल आणि फूटी यांत साम्य इतके आहे की १९८४ पासून दोन्ही देश मिश्र नियमांनी एकमेकांशी सामने खेळत आले आहेत. त्यावरून ‘फूटी हे गेलिकचेच अपत्य’ असे पुष्कळजण ठामपणे सांगतात. कालक्रम मात्र आड येतो. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १८८४ ची आणि तिचे फुटबॉलचे नियम त्यानंतरचे. मेलबर्नचे दहा नियम त्याच्या पंचवीस वर्षे आधीचे. आयर्लंडमध्ये त्यापूर्वीही लोक फुटबॉल खेळत आणि सोन्याच्या ओढीने अनेक आयरिश व्हिक्टोरियात आले, हे मान्य. परंतु साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.

९/ आता पाचवा प्रश्न, ज्यासाठी हा थ्रेड लिहिला. युरोपीय येण्यापूर्वीपासून व्हिक्टोरियातील मूलनिवासी समाज चेंडूचे खेळ खेळत होते. ‘मार्नग्रूक’ हे त्यांपैकी आज सर्वाधिक प्रसिद्ध नाव, गुंडिटजमारा लोकांच्या भाषेतले. सरकारी ‘संरक्षक’ विल्यम थॉमस याने केलेले अशा खेळाचे वर्णन ब्रफ स्मिथच्या १८७८ च्या ग्रंथात छापले आहे : पॉसमच्या कातड्याचा चेंडू, पायाने उंच उडविलेला, आणि तो झेलण्यासाठी हवेत झेपावणारे खेळाडू. जेम्स डॉसनच्या १८८१ च्या पुस्तकातही कोळशाची पूड भरून कांगारूच्या स्नायुतंतूंनी आवळलेल्या चेंडूचे वर्णन आढळते.

१०/ आणि टॉम विल्स कुठे वाढला? पश्चिम व्हिक्टोरियात, जाब वुरुंग लोकांच्या भूमीवर. त्याचे बालपणीचे सवंगडी मूलनिवासी होते आणि त्यांची भाषा तो बोलत असे. चौदाव्या वर्षी तो इंग्लंडला गेला, १८५६ च्या अखेरीस परतला आणि दीड वर्षात ते पत्र लिहिले. दोन बिंदू समोर दिसले की मन त्यांच्यामध्ये रेघ ओढतेच. लहानपणी पाहिलेला खेळ त्याने मोठेपणी नियमांत ओतला, ही कल्पना मोहक आहे यात शंका नाही.

११/ विरुद्ध बाजूही भक्कम आहे. विल्सच्या उपलब्ध लेखनात मूलनिवासींच्या चेंडूच्या खेळाचा कुठेही उल्लेख नाही. १८५९ चे नियम ठरविणाऱ्यांची चर्चा झाली ती रग्बी, ईटन, हॅरो, विंचेस्टर या शाळांच्या नियमांवर. ‘मार्क’ची कल्पना रग्बी शाळेतही होती. इतिहासकार जेफ्री ब्लेनी यांनी मूलनिवासी उगमाचा सिद्धांत स्वीकारला नाही. २००८ मध्ये खेळाच्या १५० व्या वर्षानिमित्त निघालेल्या अधिकृत ग्रंथात जिलियन हिबिन्स यांनी त्याला भुरळ घालणारी दंतकथा ठरविले. त्याच ग्रंथात ॲडम गुड्स या मूलनिवासी खेळाडूने मार्नग्रूकशी असलेले नाते आत्मीयतेने मांडले होते. वाद पेटला नसता तरच नवल.

१२/ माझे मत असे. मार्नग्रूकमधून १८५९ चे नियम आले, हे आज उपलब्ध पुराव्यांवरून सिद्ध होत नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मात्र ‘सिद्ध होत नाही’ येथे थांबणे आणि ‘संबंध नव्हताच’ असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे. त्या काळी कागद, शाई आणि छापखाना एकाच समाजाच्या हाती होता. दुसरा समाज त्याच दशकांत भूमी गमावत होता. रोगराईने आणि बंदुकीने झपाट्याने घटत होता. अशा दप्तरातील मौन तटस्थ साक्षीदार मानता येत नाही.

१३/ येथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. नियम कोणी लिहिले, हा पहिला. त्याचे उत्तर त्या दहा कलमांच्या हस्तलिखित पानावर आहे. खेळाची धाटणी कशी घडली, हा दुसरा. नियम काय करू नये ते सांगतात. खांद्यावर गुडघा रोवून हवेत झेपावणारा खेळाडू ती झेप कोठे शिकला, हे कलम सहा सांगू शकत नाही. दुसऱ्या प्रश्नाला एकच जनक असण्याची गरजही नाही. शाळा, खाणी, मेंढवाडे, मूलनिवासी वस्त्या अशा अनेक ठिकाणी अनेक पिढ्यांनी तो खेळ घडविला.

१४/ आणि मोजपट्टी एकच हवी. ऑक्टोबर १८६१ मध्ये क्वीन्सलंडमधील कलिन-ला-रिंगो येथे विल्सच्या वडिलांसह १९ वसाहतकरी मूलनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. त्यानंतरच्या सूडमोहिमांत किती मूलनिवासींचे बळी गेले, त्याची कोणी धड मोजदादही ठेवली नाही. २०२१ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्रातील १८९५ चा मजकूर प्रकाशात आला. विल्सने त्या सूडात भाग घेतल्याची कबुली दिली होती, असे त्यात म्हटले आहे. लेखक निनावी, काळ विल्सच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, स्थळ दुसऱ्या खंडातले. अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. मार्नग्रूकसाठी समकालीन कागद मागणाऱ्याने येथेही तोच मागावा. आणि मार्नग्रूकच्या बाबतीत उशिराची साक्ष स्वीकारणाऱ्याने ही साक्ष गैरसोयीची म्हणून फेकून देऊ नये.

१५/ याच विल्सने १८६६ मध्ये पश्चिम व्हिक्टोरियातील मूलनिवासी क्रिकेटपटूंच्या संघाला प्रशिक्षण दिले. वडिलांच्या हत्येला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. बॉक्सिंग डेला हा संघ एमसीजीवर उतरला. त्यात होता जॉनी मुलाघ, मूळ नाव उनारिमिन, जो १८६८ च्या इंग्लंड दौऱ्याचाही तारा ठरला. बॉक्सिंग डे कसोटीतील सामनावीराला २०२० पासून मुलाघ पदक दिले जाते. त्याचा पहिला मानकरी आपला अजिंक्य रहाणे. त्या ११२ धावा आपल्याला पाठ आहेत. पदकावरचे नाव कोणाचे, हेही आता लक्षात राहो.

१६/ मग उगमाचा वाद इतका तापतो का? मला वाटते, पूर्वजांना मान देणे स्वस्त असते, वंशजांना देणे महाग. कार्लटन क्लबात १९२७ मध्ये वर्णद्वेषाचा अनुभव घेऊन बाहेर पडलेला डग निकोल्स पुढे फिट्झरॉयकडून चमकला आणि १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचा राज्यपाल झाला. १९९३ मध्ये निकी विनमारने प्रेक्षकांच्या शिव्यांना जर्सी वर करून आणि आपल्या त्वचेकडे बोट दाखवून उत्तर दिले. २०१५ मध्ये ॲडम गुड्सची मैदानोमैदानी हुर्यो उडविली गेली आणि हंगामाअखेर तो निवृत्त झाला. एएफएल आणि सर्व १८ क्लबांनी त्याची क्षमा मागितली ती २०१९ मध्ये, चार वर्षांनी.

१७/ ‘हा खेळ मूळचा तुमचाच’ असे म्हणण्याने यांपैकी एकही जखम भरत नाही. उलट, न सिद्ध होणारे श्रेय देऊन सिद्ध झालेल्या अन्यायाकडे पाठ फिरविण्याची सोय होते. निकोल्स, विनमार, गुड्स यांचे या खेळातील स्थान १८५८ साली कोणी काय पाहिले होते, यावर अवलंबून नाही. ते त्यांनी स्वतः खेळून मिळविले आहे आणि त्याचे पुरावे मुबलक आहेत. जन्मदाखल्यावर कोणाचे नाव घालायचे, हा वाद अभ्यासकांनी जरूर चालू ठेवावा. पण प्रेक्षक म्हणून आपण आधी पाहावे ते एवढेच : आज खेळणाऱ्याला त्या मैदानात कसे वागविले जाते?