निष्काळजी कोण?

फवारणीच्या दिवसांत कोणी भाजलं, कोणाला विषबाधा झाली की आपल्याकडे एक वाक्य तयारच असतं : "मजुराचा निष्काळजीपणा." मला या वाक्याची चीड आहे. जो धडा वर्गात शिकवलाच नाही, त्यावर पोराला नापास करणाऱ्या मास्तरला तुम्ही काय म्हणाल?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही हेच ऐकलं. मास्क नव्हता, हातमोजे नव्हते. अहो, पण दिले होते कोणी? त्या निमित्ताने विषाची थोडीफार चर्चा तरी झाली. पाठीवरच्या इंजिनाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आमच्या चांदूर बाजारकडे संत्रा आहे, कपाशी आहे, तूर आहे. पेट्रोलवरचा फवारणी पंप आता नवलाचा राहिला नाही. पन्नास सीसीच्या आतली मोपेड रस्त्यावर आणायची तर सरकार लायसन मागतं. जवळपास तेवढंच इंजिन माणसाच्या पाठीला बांधायचं तर कोणी काही विचारत नाही! सोबतचं माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत. तेही मालकाच्या कपाटात, आणि पंप मजुराच्या पाठीवर.

टाकी लहान, म्हणून दिवसातून अनेकदा भरावी लागते. मजुरी पंपाच्या हिशेबाने ठरली असेल तर थांबायला वेळ कुठला? सायलेन्सर तापलेला असतानाच पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल ओततात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली पसरते, आणि तिला एक ठिणगी पुरते. इंजिन बंद करून, पंप जमिनीवर ठेवून, निवू द्यायचा. सांडलेलं पुसायचं आणि चार पावलं दूर नेऊन मगच दोरी ओढायची. हे सांगायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं! "गुरुजी, कोन सांगत बसते त्याले?" असं एका बागाईतदारानेच मला ऐकवलं. (आणि ती पाण्याची बाटली... घरात लहान पोरं असतात हो.)

ऑइलचंही तेच. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पंचवीसास एक प्रमाण असेल तर लिटरला ४० मिली, पन्नासास एक असेल तर २०. प्रमाण त्या-त्या यंत्राचं वेगळं. फोर-स्ट्रोक असेल तर मिसळायचंच नाही. आपल्याकडे माप काय, तर "एक झाकण"! मग पिस्टन जाम झाला की शिव्या कोणाला?

माझं म्हणणं एवढंच, की विकणाऱ्याने पंप सुरू करून, बंद करून, मराठीत समजावून द्यावा, आणि तो पाठीवर घेणाऱ्या माणसाला समोर उभं करून. प्लग साफ करण्याआधी त्याची वायर काढायची, बंद गोदामात इंजिन चालवून पाहायचं नाही कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हेही त्यालाच सांगावं. मालकाने मोजमापाचा डबा आणि कानांना बोळे द्यावेत. पंप घ्यायला हजारो रुपये निघतात, यालाच हात आखडतो.

आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं उरलेलं जळेपर्यंत इंजिन चालवून मग पंप ठेवावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. तसाच ठेवला तर पुढच्या पावसाळ्यात दोरी ओढून ओढून मजुराचा खांदा दुखेल, आणि मालक बांधावरून ओरडेल, "काय करून ठेवलं रे पंपाचं?"