श्रीशिल्लक

काल तिन्हीसांजेला लक्ष्मीपूजन झाले. पाटावर तांदळाची रास, तिच्यावर कलश, बाजूला धने-गूळ, साळीच्या लाह्या, बत्तासे. आणि या सगळ्यांच्या शेजारी हळदकुंकू लावलेली नवी केरसुणी. सोन्यानाण्याच्या पंगतीत केरसुणीला बसवणारी ही पूजा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यापाशी क्षणभर थांबून विचार करणे राहूनच जाते. घर झाडून-पुसून नीट ठेवणाऱ्या वस्तूलाच आपल्या वाडवडिलांनी लक्ष्मी म्हटले. लक्ष्मी येते कुठून, याइतकीच ती घरात टिकते कशी, याचीही त्यांना काळजी होती.

आज पाडवा. चार दिवस माणसांनी ओसंडून वाहणारा पुण्याचा लक्ष्मी रस्ता सकाळी जरा श्वास घेतो आहे, सदाशिव पेठेतल्या दारोदारी पणत्यांच्या काजळलेल्या वाती आणि पुन्हा नव्याने रेखलेल्या रांगोळ्या आहेत. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर नव्या वह्या उघडल्या जात आहेत. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, माथ्यावर ‘श्री’, आणि जमेच्या बाजूला पहिली ओळ : श्रीशिल्लक. मागचा हिशेब मिटवून हातात जे उरले, ते. पैसा किती आला आणि किती गेला, याच्या नोंदी वहीत पुढे असतातच. पण ‘श्री’ हा मान मात्र शिलकेला दिला गेला. संगणकाच्या युगात लाल बासनातल्या चोपड्या कमी झाल्या, तरी या एका शब्दात साठलेले शहाणपण जुने झालेले नाही, असे आपल्याला आज, नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मनापासून वाटते.

ही वही केवळ पेढीवरच होती असे नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, की आजीच्या किंवा पणजीच्या हातची एखादी वही अजूनही सापडते. पाठकोऱ्या कागदांना दोरा घालून शिवलेली, कडा पिवळ्या पडलेली. तिच्यात दूध आहे, रॉकेल आहे, दळण आहे, मुलाची शाळेची फी आहे, देवळात ठेवलेला आणा आहे. एखाद्या दिवशी दोन पैशांचा मेळ बसलेला नाही, तर तिथे शाईने एक लहानसे प्रश्नचिन्ह आहे आणि दोन दिवसांनी त्याच्या शेजारी उत्तर : ‘पोस्टाचे कार्ड’. त्या दोन पैशांनी घर बुडणार नव्हते. पण कुठे गेले ते आठवेपर्यंत त्या माउलीला चैन पडले नाही, आणि तिचे घर उभे राहिले ते या अस्वस्थतेवर. ज्या शहरात राज्यकारभाराची रोजकीर्द लिहिली जात होती आणि पेशवे दफ्तरातल्या रुमालांत ती आजही बांधून जपली आहे, त्या शहरातल्या बाईने स्वयंपाकघराची रोजकीर्द लिहावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

काटकसरीच्या साऱ्या सवयींची जननी ही वहीच आहे. आपल्या हातून पैसा उधळपट्टीने जातो, त्याहून अधिक तो नजरेआडून जातो. पूर्वी खिशातून नोट काढावी लागे, ती मोडावी लागे, उरलेली मोड मोजून घ्यावी लागे. तेवढ्या वेळात मन एकदा विचारून घेई, हे हवेच आहे का? २०१६ मध्ये यूपीआय आले आणि तो क्षण निघून गेला. सोय मोठी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. भाजीवालीच्या टोपलीवर लावलेला तो चौकोनी ठसा तिच्याही सोयीचा आहे. पण जो क्षण यंत्राने काढून घेतला, तो आपला आपण परत आणावा लागतो, आणि रात्री निजण्याआधी पाच मिनिटे वही उघडणे हा त्याचा सर्वांत साधा मार्ग आहे. रोजचे पन्नास रुपये कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. वहीत तेच वर्षाअखेरी १८,२५० होऊन समोर उभे राहतात. घरपोच मागवलेल्या जेवणावरचे पोहोचवण्याचे शुल्क, कधीच न पाहिलेल्या वाहिन्यांची दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी, ‘शून्य टक्के’ म्हणून घेतलेल्या फोनचा हप्ता, हे सारे एका पानावर आले की कुणी उपदेश करण्याची गरज उरत नाही.

याच पाडव्याची आणखी एक शिकवण आहे, आणि ती आपल्या हातून निसटत चालली आहे याची खंत वाटते. आपल्याकडे मोठी खरेदी मुहूर्तावर होत असे. आषाढात मिक्सर बिघडला, की घरात ठरे : ‘बघू, पाडव्याला घेऊ.’ मग मधले तीन-चार महिने पाटा-वरवंट्यावर निघत. कुणी तुळशीबागेतून सुटा भाग आणून जुनाच मिक्सर चालू करी. पाडवा येईपर्यंत हवीशी वाटलेली निम्मी यादी आपोआप गळून पडलेली असे, आणि जी वस्तू उरे ती खरोखर गरजेची असे; तिच्यासाठी पैसेही तोवर बाजूला पडलेले असत. मुहूर्ताची वाट पाहणे ही इच्छेला घातलेली सुंदर वेसण होती. आता रोजच कुठला ना कुठला ‘महासेल’ आहे, दहा मिनिटांत वस्तू दारात आहे. म्हणजे रोजच मुहूर्त आहे, आणि मनाला थांबायला जागाच उरलेली नाही. मुहूर्ताचे ते थांबणे आपण घरात पुन्हा आणू शकतो. मनात भरलेली वस्तू वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी, तारीख घालावी, आणि महिन्याने पुन्हा वाचावी.

बाकीच्या सवयी सांगण्याजोग्या नव्या नाहीत, त्या आपण सगळे जाणतोच. वाण्याकडे जाताना यादी न्यावी. मंडईला पिशवी घेऊन पायी जावे. कुकरची शिटी गेली तर शिटी बदलावी, कुकर नव्हे. धाकट्याला थोरल्याची पुस्तके द्यावीत. जुन्या लुगड्यांच्या गोधडीची ऊब ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना यापलीकडे काही समजावून सांगावे लागत नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते : शिल्लक महिनाअखेरीला उरेल म्हणून वाट पाहिली तर ती उरत नाही. पगार झाला की आधी तिचा वाटा बाजूला काढावा. पोस्टातले आवर्त ठेवीचे खाते आजही महिना शंभर रुपयांत उघडता येते आणि पाच वर्षे चालते. आपल्या आज्यांनी डाळीच्या डब्यात दडवलेल्या नोटांचीच ती धाकटी बहीण आहे.

पेठेच्या काटकसरीला जगाने पुष्कळ हसून घेतले आहे. पण काटकसर आणि चिक्कूपणा यांतले अंतर याच पेठेने आपल्या आचरणातून दाखवले. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले, आजचे सदाशिव पेठेतले पुणे विद्यार्थी गृह, आणि तिथली मुले झोळी घेऊन घरोघरी माधुकरी मागून शिकली. कितीतरी घरांत वार लावून जेवणारा विद्यार्थी असे : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्या घरात तेलाची धार मोजून सुटे, त्याच घरात ठरलेल्या वारी एक पान वाढलेले असे, आणि त्या पानावर मोजमाप नसे. स्वतःसाठी हात आखडता घेतला म्हणूनच दुसऱ्यासाठी तो मोकळा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी पैसा फंड उभारला, त्यामागेही हीच श्रद्धा होती. माणशी एक पैसा, एवढेच मागणे. त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायकांनी भांड्यात धान्य टाकण्याआधी एक मूठ बाजूला काढून ठेवली. शाळा आणि वसतिगृहे अशाही शिलकेवर चालली आहेत.

म्हणून बचत करताना तिची झळ कुणाला लागते, हेही आपण पाहायला हवे. दालनातल्या वस्तूवर छापलेली किंमत मुकाट्याने देऊन कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून वाद घालणे, घरकाम करणाऱ्या मावशींच्या दिवाळीत काटछाट करणे, याला काटकसर हे नाव देता येणार नाही. आणि ज्या घरात घरभाडे, औषधपाणी आणि मुलांच्या फिया भागवतानाच महिना संपतो, त्या घराला बचतीचे धडे देण्याचा अधिकारही कुणाला नाही. तिथे गरज आहे ती पुरेशा मिळकतीची. हे बोलणे आहे ते आपल्याशी, ज्यांच्या हातून थोडेफार गळते आणि ज्यांना ते थांबवता येते.

काटकसर खरी कशी असते ते पाहायचे तर दूर जायला नको. बीड, परभणी, यवतमाळकडून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुले-मुली आज पेठेतल्या जुन्या इमारतींत एका-एका खाटेचे भाडे देऊन राहतात. मेसचा एक डबा दोघांत वाटून घेतात, पुस्तके जुन्या बाजारातून आणतात, अभ्यासिकेतून खोलीवर पायीच जातात. त्यांच्या प्रत्येक रुपयामागे सोयाबीनची नाहीतर कापसाची एखादी पट्टी आहे, आणि तो रुपया मोडताना त्यांना बापाचा चेहरा दिसतो. काही जण दिवाळीलाही गावी गेलेले नाहीत, कारण परीक्षा तोंडावर आहे आणि जाण्यायेण्याचे भाडे आहे. मेस या दिवसांत बंद असतात. कधीकाळी याच गल्ल्यांतून माधुकरीची झोळी फिरत होती. ही मुले काही मागत नाहीत, म्हणून ती आपल्याला दिसतही नाहीत.

आज दुपारी, ओवाळणी झाली आणि जेवणे आटोपली, की एक साधी वही घेऊन बसू. माथ्यावर ‘श्री’ काढू, तारीख घालू, जमेच्या बाजूला आज हाती आहे तेवढी शिल्लक लिहू, कितीही थोडी असली तरी. आणि खर्चाच्या बाजूला पहिली नोंद : चकल्या, चिवडा, करंज्या, लाडू, दोन डबे, समोरच्या अभ्यासिकेत.