वॉकर नको, सतरंजी द्या

वस्तीत हल्ली नामकरणाला हमखास वॉकर येतो. आमचं स्पष्ट मत : तो परत करा. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट उंबरठ्यावर, शेगडीजवळ अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्येच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. बाळ जागं असताना समोर बसून त्याला सतरंजीवर पालथं खेळवा, दिवसभरात मिळून अर्धा तास. झोपवताना मात्र पाठीवरच.

चार महिने उलटूनही मान धरत नसेल, नऊ महिन्यांनी बसत नसेल, तर "मुलगे उशिराच बसतात" हे ऐकू नका. (मालिशचं आजीचंच ऐका!) असं ऐकून थांबलेली दोन-तीन वर्षांची मुलं आम्ही वॉर्डात पाहिलीत. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. कामाचा खाडा झाला तरी बाळ दाखवा. तोवर थांबवत नसेल तर थेट सिव्हिल गाठा.